११८ एनई आणि तुळिंजचं पाणी

परवा रविवारी वसईला एका काकांकडे गाडी बघायला गेलो होतो. १९८६ ची प्रीमियर ११८ एनई. पहिलाच मालक, क्रीम रंग शाबूत, नंबरप्लेटवर एमएच नाही (ती अक्षरं १९८९ नंतरची). निघताना बायकोने एवढंच विचारलं, "लावणार कुठे?" मी हसण्यावारी नेलं.

आता तुम्ही म्हणाल, ११८ एनई आणि लक्झरी? पण ऐंशीचं दशक डोळ्यासमोर आणा. रस्त्यावर सगळीकडे पद्मिनी नाहीतर ॲम्बॅसेडर. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९८४ मध्ये कॉन्टेसा, आणि १९८५ मध्ये मुंबईच्या प्रीमियरने ही काढली. इंजिन ११७१ सीसीचं म्हणून ११८, आणि निस्सानचं म्हणून एनई. बॉडी मात्र फियाट १२४ ची.

ही फियाट १२४ म्हणजे १९६६ ची. १९६७ मध्ये तिला युरोपियन कार ऑफ द इयर मिळालं होतं. स्पेनमध्ये सेआट कंपनी तीच गाडी बनवायची. तिथलं उत्पादन थांबल्यावर साचे प्रीमियरने घेतले. म्हणजे युरोपातल्या मध्यमवर्गाची जुनी फॅमिली कार जवळजवळ वीस वर्षांनी आपल्याकडे साहेबांची गाडी झाली! गंमत म्हणजे १२४ ला दोन दारांचं एक देखणं कूपे भावंडही होतं. ते इथे कधी बनलंच नाही. कोणती गाडी आणि किती बनवायच्या यालाही सरकारी परवाना लागायचा, तिथे शौकाची गाडी कोण काढणार?

शौकाची गाडी बघायला मिळाली ती टीव्हीवर. मार्च १९८५, मेलबर्न. रवी शास्त्रीला ऑडी १०० मिळाली आणि अख्खी टीम तिच्यावर चढली. आयात शुल्क एवढं जबरदस्त होतं की सरकारने ते माफ केलं तेव्हा कुठे गाडी घरी आली. २०२२ मध्ये गौतम सिंघानियांच्या गॅरेजने तीच ऑडी पुन्हा नवीकोरी करून दिली. पण काकांच्या ११८ एनईसाठी असं कोण येणार? तिच्यासाठी काकाच.

मी दारांवरून लोहचुंबक फिरवून पाहिलं. पुट्टी भरलेली असली की तिथे तो चिकटत नाही. सगळीकडे चिकटला. मॅटखाली पत्रा कोरडा. वसईच्या खाऱ्या हवेत चाळीस वर्षं! काका म्हणाले, "काही नाही रे, दर रविवारी एक चक्कर. आणि पावसात बाहेर काढायची नाही, बस."

मग कागद. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, फिटनेस, वर पर्यावरण कर. काकांनी प्रत्येक पावती जपलीय. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी. म्हणजे हिला २०३६ पर्यंत थांबावं लागणार. तोपर्यंत कायद्याच्या लेखी ती नुसती जुनी गाडी. ऐंशीच्या दशकातल्या सगळ्याच गाड्यांची ही अडचण आहे. ही दहा-पंधरा वर्षं कोणीतरी पदरमोड करून काढली तरच त्या वाचणार, नाहीतर भंगारात.

ते कोणीतरी मी व्हायचं ठरवलंच होतं. टोकनचे पैसे खिशात होते. परत येताना ट्रेनमधून नालासोपाऱ्याला उतरलो, पूर्वेला तुळिंज रोडने चालत घरी. बिल्डिंगच्या गेटपाशी आलो आणि कंपाउंडच्या भिंतीवरची रेघ दिसली. गेल्या जुलैत पाणी कुठवर आलं होतं, त्याची. गुडघ्याच्या वर. ११८ एनईचा पत्रा त्याच्या बराच खाली येतो.

काकांना रात्री फोन केला. म्हटलं, "काका, गाडी हवीय, पण आधी उंचावर बंद गॅरेज शोधतो. दिवाळीपर्यंत थांबाल?"

ते म्हणाले, "थांबतो. आत्ता न्यायची म्हणाला असतास तर दिली नसती."

असो. तर मंडळी, सध्या गाडी नाही, गॅरेज शोधतोय :)