गुणारोपण, पूर्वग्रह, व्यक्तिमत्त्व : मानसशास्त्रातील काही प्राथमिक संकल्पना

मानसशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासात 'सामाजिक विचारप्रक्रिया' हा भाग असतो. आपल्या मुलामुलींनी तो केवळ परीक्षेपुरता वाचू नये, असे आम्हाला वाटते. समाजाने जे पिढ्यानपिढ्या सोसले, त्यातल्या बऱ्याच गोष्टींना तिथे नावे दिलेली आहेत.

गुणारोपण म्हणजे एखाद्याच्या वागण्याचे कारण ठरवणे. दुसऱ्याबद्दल बोलताना माणूस परिस्थिती विसरतो आणि स्वभावाला दोष देतो. ली रॉस यांनी १९७७ साली याला मूलभूत गुणारोपण दोष म्हटले. राखीव जागेवरचा विद्यार्थी नापास झाला की 'कुवतच नाही', आणि स्वतःचा मुलगा नापास झाला की 'पेपर अवघड होता'. हे कोणी ऐकलेले नाही?

साचेबद्ध कल्पना, पूर्वग्रह आणि भेदभाव हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. पहिला विचार आहे, दुसरी भावना, तिसरी कृती. १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा कृतीला पकडतो. मनातल्या साच्यापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही.

साच्याचे ओझे किती असते, हे कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांच्या प्रयोगातून दिसते (प्रसिद्धी २००६). उत्तर प्रदेशातील खेड्यांतल्या शाळकरी मुलांना त्यांनी कागदावरची चक्रव्यूहाची कोडी दिली. सुटलेल्या कोड्यांमागे पैसे मिळणार होते. जात जाहीर केली नाही तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सगळ्यांसमोर जात वाचून दाखवली आणि दलित मुले मागे पडली. मुले तशीच, कोडी तशीच. आपल्याला न्याय मिळणार नाही ही मुलांची धारणा यामागे असावी, असे संशोधकांना वाटले. अमेरिकेत स्टील आणि अ‍ॅरन्सन यांनी १९९५ साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबाबत याच्याशी मिळताजुळता परिणाम नोंदवला होता. तो सर्वत्र तितकाच आढळतो का, यावर पुढे वाद झाले. शिष्यवृत्तीचे फॉर्म वाटताना वर्गात जात पुकारून मुलांना उभे करणाऱ्या शिक्षकांनी निदान उत्तर प्रदेशातला प्रयोग वाचावा.

व्यक्तिमत्त्वासाठी आज पंचघटक सिद्धांत प्रचलित आहे : अनुभवांविषयी खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौहार्द आणि भावनिक अस्थिरता. (पाच आकडा जुळला म्हणून धम्मातील पाच स्कंध आणि हे घटक एकच समजू नयेत.) हे घटक प्रत्येकात कमीअधिक असतात. मात्र वॉल्टर मिशेल यांनी १९६८ सालीच दाखवून दिले, की एकाच माणसाचे वागणे परिस्थितीनुसार बरेच बदलते. वर्गात गप्प बसणारी मुलगी विहारात मुलांना धडाधड शिकवते, तेव्हा तिला 'अबोल' ठरवणाऱ्याने आधी वर्ग पाहायला हवा.