भिश्ती आणि नहर

आमच्या दादीअम्मांच्या लहानपणी गल्लीत भिश्ती पाणी घालायचा. त्याला घरची माणसं दोन प्रश्न विचारायची, असं त्या सांगत : पाणी कुठल्या विहिरीचं, आणि आधी कुणाकडे ओतलंस? घर गल्लीच्या टोकाला. पखाल यायची ती सगळ्यांच्या शेवटी.

याच शहरात, तेव्हाच्या खडकीत, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर खेळवली होती. उगमापासून जमिनीखालून पाणी यायचं आणि फाट्याफाट्यांनी वस्तीत पोहोचायचं.

संगणकांच्या जाळ्यातही या दोन रीती आहेत. हजार जणांना एकच माहिती हवी असली, की एरवी पाठवणारा हजार प्रती काढून एकेकाला देतो. ही भिश्त्याची रीत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८९ मध्ये नहरीच्या रीतीचे नियम लिहिले. तिचं नाव मल्टिकास्ट. उगमातून एकच प्रत निघते. वाट फुटते तिथेच तिच्या दोन होतात.

पण त्यात एक खोट होती. गटाच्या पत्त्यावर कुणीही काहीही सोडू शके. नहरीत वाटेल त्याने घागर रिकामी करावी, तसं. ह्यू होलब्रुक आणि डेव्हिड चेरिटन यांनी १९९९ मध्ये तोड काढली, ती २००६ मध्ये प्रमाण झाली. आता घेणारा गटाबरोबर पाठवणाऱ्याचंही नाव सांगतो. मागणी एका यंत्राकडून दुसऱ्याकडे अशी उगमाच्या दिशेने चढते. वाटेत चालू फाटा भेटला, की तिथेच जोडली जाते. त्याच वाटेने माहिती उलटी उतरते. शेवटचा घेणारा उठला, की फाटा बंद. दुसऱ्या कुणी काही सोडलं तर ते दारापर्यंत येतच नाही.

ही केवळ तंत्राची गोष्ट नाही. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात भावांची क्षणाक्षणाची माहिती पूर्वी दलालांना एकामागून एक जाई. आधी जोडला गेला त्याला आधी मिळे, असं ‘सेबी’ने एप्रिल २०१९ च्या आदेशात म्हटलं. २०१४ मध्ये बाजार मल्टिकास्टवर आला होता. अपिलात जानेवारी २०२३ मध्ये ६२५ कोटींच्या वसुलीचा आदेश रद्द झाला. दक्षतेतल्या कसुरीपोटी मात्र शंभर कोटी भरायला सांगण्यात आलं. जिथे क्षणाच्या अंशावर सौदे होतात, तिथे रांगेतला पहिला नंबर म्हणजे पैसा. मल्टिकास्टमध्ये अंतराचा फरक उरतो, रांगेचा उरत नाही.

आमच्या शहरात आजही नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि टोकाच्या घरांची तक्रार तीच असते. पाणी असो की बातमी, मला दादीअम्मांनी सांगितलेले दोन प्रश्न पुरतात : आलं कुठून, आणि आधी कुणाला मिळालं?