मुक्त आज्ञावलींचें भांडार : डेबियनचा इतिहास

ग्रंथांची संख्या दोनतीनशें असेपर्यंत संग्राहकाची स्मरणशक्तीच सूचीचें काम करते. ती कांहीं हजारांवर गेली म्हणजे मात्र फळ्या, क्रमांक, नोंदवह्या आणि सर्वांत अवघड वस्तु म्हणजे नियम, यांची गरज उत्पन्न होते. महाविद्यालयाच्या ग्रंथालय-समितींत अनेक वर्षें बसून हा अनुभव मीं पुरेपूर घेतला आहे. आणि डेबियन या संघाच्या इतिहासाकडे माझें लक्ष प्रथम वेधलें तें याच कारणानें. संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु वाढत्या संग्रहाची व्यवस्था कशी लावावी व तो दूरदूरच्या लोकांच्या हातीं शाबूत कसा पोंचवावा, हा प्रश्न जितका यंत्राचा तितकाच समाजाचाही आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली म्हणजे सॉफ्टवेअर वाचण्याची, बदलण्याची व इतरांस देण्याची मोकळीक प्रत्येकास असावी, हें त्यांचें सूत्र. इंग्रजींत या मोकळिकीला आणि फुकटेपणाला एकच शब्द असल्यामुळें तिकडे या सूत्राचा फार घोटाळा झाला; आपल्या भाषेंत ‘मुक्त’ व ‘फुकट’ हे शब्द वेगळे असल्यानें वाचकांस तो त्रास पडूं नये. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें लिनक्स हा संगणकाचा गाभा प्रसिद्ध केला, आणि मुक्त आज्ञावलींवर चालणारा संपूर्ण संगणक शक्य झाला. पण या आज्ञावली ठिकठिकाणीं विखुरलेल्या होत्या. त्या गोळा करून एकत्र देणारे जे पहिले संच निघाले, त्यांत एस्‌एल्‌एस् नांवाचा संच बराच लोकप्रिय होता. मात्र त्यांत दोषही पुष्कळ होते.

त्या दोषांना कंटाळून इयन मर्डॉक या अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें १६ ऑगस्ट १९९३ रोजीं नव्या संचाची घोषणा केली. प्रेयसी डेब्रा हिचें व स्वतःचें नांव जोडून त्यानें ‘डेबियन’ हा शब्द बनविला. तरुण मनाचा हा हळवेपणा सोडला तर त्याचा विचार मोठा प्रौढ होता. चांगल्या आज्ञावली लिहिणें हें एक काम आणि त्या निवडून, जुळवून, तपासून लोकांपर्यंत नेणें हें दुसरें. या दुसऱ्या कामास कोणी मान देत नाहीं, म्हणून तें वाईट होतें, हें त्यानें ओळखलें. शिवाय हें काम एकट्यादुकट्यानें न करतां अनेकांनीं उघडपणें करावें, असा त्याचा आग्रह होता. १९९४-९५ मध्यें एक वर्ष स्टॉलमन यांच्या प्रतिष्ठानानें या कार्यास द्रव्यसाहाय्य केलें. पुढें संघ स्वतःच्या पायांवर उभा राहिला.

या व्यवस्थेचें मूलद्रव्य म्हणजे पॅकेज. प्रत्येक आज्ञावलीचें एक बांधलेलें गाठोडें. त्यावर तिचें नांव, आवृत्ति व सांभाळ करणाऱ्याचें नांव. आणि मुख्य म्हणजे तिला आणखी कोणकोणत्या पॅकेजांची गरज आहे व कोणाशीं तिचें जमत नाहीं याची यादी. ग्रंथालयांतील पुस्तकें शेजारधर्मापलीकडे एकमेकांशीं संबंध ठेवीत नाहींत. आज्ञावलींचें तसें नाहीं. एक मागितली तर तिच्या पाठोपाठ दहा याव्या लागतात, जशी लग्नाच्या घरीं एका पाहुण्याबरोबर सगळी मंडळी येते. इयन जॅक्सन यानें १९९४ मध्यें घडविलेली ‘डीपॅकेज’ ही आज्ञावली पॅकेजें बसविणें व काढणें हें काम करीत असे. १९९९ च्या आवृत्तींत आलेल्या ‘ॲप्ट’नें ही सारी वऱ्हाडी मंडळी आपोआप बोलावून आणण्याची सोय केली. प्रत्येक पॅकेजाला एक जबाबदार माणूस, हा नियम मला या सर्व यंत्रसामग्रीहून महत्त्वाचा वाटतो.

संग्रह वाढत गेला. जून १९९६ च्या १.१ आवृत्तींत ४७४ पॅकेजें होतीं. ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तींत ती संख्या ६९,८३० झाली. (१.० आवृत्ति शोधूं जाल तर सांपडणार नाहीं. एका तबकडी-विक्रेत्यानें अपुरें काम त्याच क्रमांकानें विकून टाकलें, म्हणून संघानें तो क्रमांकच सोडून दिला. तेव्हांपासून घडत असलेल्या आवृत्तीस क्रमांक न देतां एका बोलपटांतील खेळण्यांचीं नांवें देण्याची चाल पडली. आणि जी सदैव अस्थिर राहावयाची, ती त्या बोलपटांत खेळणीं मोडणाऱ्या सिड या मुलाच्या नांवानें चालते!) आरंभीं प्रत्येक आवृत्तीचा कप्पा निराळा असे. पॅकेज एका कप्प्यांतून दुसऱ्यांत गेलें कीं जगभर ज्या संगणकांवर या भांडाराच्या प्रती ठेवलेल्या असत, त्या सर्वांस तें पुन्हां उतरवून घ्यावें लागे. म्हणून डिसेंबर २००० मध्यें सर्व पॅकेजें नांवाच्या आद्याक्षरानें एकाच तळघरांत ठेवण्यांत आलीं व आवृत्ति म्हणजे केवळ एक यादी उरली. येथें एक गंमत झाली. साहाय्यक आज्ञावलींचीं नांवें ‘लिब’ या अक्षरांनीं सुरू होत असल्यामुळें एकच फळी मोडण्याइतकी भरूं लागली असती. म्हणून ‘लिब’ पुढील अक्षराप्रमाणें तिचे पोटविभाग करावे लागले. कोणाही ग्रंथपालास हें वाचून आपलेपणा वाटेल.

जुलै १९९७ मध्यें ब्रूस पेरेन्स यांच्या नेतृत्वाखालीं संघानें एक सामाजिक करार मान्य केला व मुक्त कशास म्हणावें याचीं सूत्रें ठरविलीं. पुढील वर्षीं ‘ओपन सोर्स’ची व्याख्या त्यांवरूनच तयार झाली. सूत्रांत बसेल तें मुख्य विभागांत, न बसेल तें बाहेरच्या पडवींत, असा संग्रहाचा नकाशा झाला. ही रेषा पाळणें सोपें नव्हतें. नवीं यंत्रें त्यांच्या कारखानदारांच्या अमुक्त आज्ञावलींवांचून चालेनात, व नवखा माणूस बसवितांना दारांतूनच परत जाऊं लागला. अखेर २०२२ मध्यें सभासदांनीं मतदान करून असल्या आज्ञावली स्थापनेच्या संचांत घेण्यास संमति दिली. कांहींस हा तत्त्वभ्रंश वाटला. मला तसें वाटत नाहीं. त्यांना निराळा विभाग देऊन त्यांचें अमुक्तपण उघड ठेवलें आहे, आणि ज्याच्या संगणकावर संच बसतच नाहीं त्याला मुक्ततेचा काय उपयोग?

परंतु खरा कसोटीचा प्रसंग निराळाच होता. भांडारी हा केवळ हमाल नव्हे; तो गाठोडें बांधतांना दुरुस्तीही करतो. २००६ मध्यें गुप्तलेखनाच्या ‘ओपनएस्‌एस्‌एल्’ या आज्ञावलींतील दोन ओळींविषयीं तपासणीच्या साधनानें तक्रार केली. सांभाळ करणाऱ्यानें मूळ कर्त्यांच्या मंडळींत पृच्छा केली, विरोध झाला नाहीं, आणि त्या ओळी गेल्या. त्यांबरोबर किल्ल्या अकल्पित ठेवणारी यदृच्छाही गेली. उरला तो केवळ चालू कामाचा अनुक्रमांक, म्हणजे एका जातीच्या फार तर ३२,७६८ किल्ल्या. जवळजवळ वीस महिने डेबियनवर व तिजवरून निघालेल्या उबुंटूसारख्या संचांवर लोक असलीं कुलुपें विश्वासानें लावीत होते. मे २००८ मध्यें संघांतीलच लुसियानो बेलो यांनीं हा दोष शोधला, आणि संघानें तो तत्काळ जाहीर करून कमकुवत किल्ल्या ओळखण्याचें साधनही दिलें. चूक प्रामाणिक होती, हेंच त्यांतील भयंकर. सर्व कांहीं उघडें होतें. पण उघडें असणें व कोणी पाहणें या दोन गोष्टी आहेत.

२००९ च्या पांचव्या आवृत्तीपासून या संचाची स्थापना मराठींतूनही करतां येऊं लागली, व सप्टेंबर २०२३ मध्यें संघाची वार्षिक परिषद प्रथमच भारतांत, कोची येथें, भरली. त्यानंतर सहाच महिन्यांनीं दुसरा प्रसंग आला, आणि या वेळीं चूक नव्हती, कपट होतें. ‘एक्सझेड’ या लहानशा आज्ञावलीचा दमलेला एकटा कर्ता मदतनीस शोधीत होता. दोन वर्षें गोड बोलून विश्वास मिळविलेल्या एका अज्ञात व्यक्तीनें तिच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्तींत चोरदार बसविलें. तीं गाठोडीं डेबियनच्या अस्थिर व चाचणीच्या विभागांत शिरलीं. अस्थिर विभाग वापरणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना प्रवेश होण्यास सुमारें अर्ध्या सेकंदाचा विलंब होतो आहे असें वाटलें. त्यांनीं तो विलंब सोडून दिला नाहीं, आणि २९ मार्च २०२४ रोजीं सर्व प्रकार जगापुढें मांडला. स्थिर आवृत्ति वापरणाऱ्या बहुसंख्य लोकांपर्यंत तें गाठोडें अजून पोंचलेंच नव्हतें. ज्या संथपणाबद्दल डेबियनला वर्षानुवर्षें नांवें ठेविलीं गेलीं, तो या वेळीं कामास आला.