वहीतला सुटलेला रकाना

भाची यंदा बारावी झाली. परवा तिनं वहीचं एक पान माझ्यापुढे सरकवलं. चार वर्षांची फी, कर्जावरचं व्याज, पहिला पगार किती मिळेल त्याचा अंदाज. म्हणाली, "मावशी, एवढं घालून हाती काय लागणार?" मी पान दोनदा वाचलं. जेवणाचा रकानाच नव्हता.

आपल्याकडे शिक्षणाचा हिशेब जेवणापासून सुरू व्हायचा. १८८५ साली फर्ग्युसन निघालं, त्या काळच्या पुण्यात गरिबाचा मुलगा आधी वार लावायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. एखादा वार रिकामा राहिला की माधुकरीची झोळी, नाहीतर उपास. पानात भात पडण्याआधी वाढणारीच्या कपाळावरची आठी दिसायची. पण हे वारही मिळायचे ते बहुतेक ब्राह्मणाच्या मुलाला, ब्राह्मणाच्या घरी. जुन्या पुण्याच्या आठवणींत रमणारे एवढं सांगायचं विसरतात. कुणब्याच्या, महाराच्या पोरानं कुणाच्या ओट्यावर जाऊन बसायचं?

म्हणून शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहं काढली; १९०१ सालचं मराठा बोर्डिंग त्यातलं पहिलं. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. वार लावणाऱ्याला यजमानाची मर्जी सांभाळावी लागे. इथं पोरं स्वतः राबायची. हा फरक मला फीमाफीपेक्षाही मोठा वाटतो. १९४७ साली साताऱ्यात शिवाजी कॉलेज उघडलं तेही त्याच रीतीनं: कमवा आणि शिका.

माझे वडील तिथं शिकले. इंग्रजीच्या तासाला काय शिकवलं ते त्यांना आठवत नसे. भाकरीची पाळी मात्र पक्की आठवे. धुरानं डोळे चुरचुरायचे, पीठ जाडंभरडं, आणि काठाला चीर गेली की शेजारचा हसायचा. म्हातारपणीही परातीत पाणी किती घालायचं ते आईला तेच सांगायचे.

मी पेन घेऊन भाचीच्या पानावर 'मेस' लिहिलं. तिनं आकडा मांडला, बेरीज पुन्हा केली आणि गप्प बसली. मग म्हणाली, "आजोबांची पाळी किती वाजता असायची?"

"पहाटे चारला. परीक्षा असली तरी."