रवादिव्याची कुळकथा

धाराशिव जिल्ह्यात, भूमच्या शेजारच्या परंड्यातली एक चित्रफीत फेब्रुवारी २०२१ मध्ये मोबाइलवरून सगळीकडे फिरली. उकळत्या तेलातून नाणं काढून बायकोने आपण निर्दोष असल्याचं दाखवावं, असा नवऱ्याचा हट्ट. बातम्यांनी ही परीक्षा पारधी समाजाची अघोरी प्रथा ठरवली. अघोरी खरीच, पण तिचं कूळ पालावर शोधण्याआधी पोथ्या उघडायला हव्यात.

याज्ञवल्क्यस्मृतीत पाच दिव्यं, म्हणजे खरेपणाच्या अशा परीक्षा, आहेत: तुला, अग्नी, जल, विष आणि कोश. त्या स्मृतीवरची ‘मिताक्षरा’ विज्ञानेश्वराने लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे उमरग्यापलीकडच्या आजच्या बसवकल्याणात. इतर स्मृतिकारांनी यादी वाढवली, त्यात ‘तप्तमाष’ आलं. तापल्या तुपातेलातून सोन्याचा मासाभर तुकडा काढायचा. हात झटकला नाही, फोड आला नाही, तर माणूस शुद्ध.

मराठेशाहीत हेच रवादिव्य झालं आणि पाटीलकी-देशमुखीच्या भांडणांत, साक्षी-कागद संपले की, त्यावर निकाल लागू लागला. बंदोबस्त चोख असे. नखं काढायची, हात धुवायचे, कपाळाला दावा लिहिलेलं भाळपत्र बांधायचं. धातूचा रवा काढला की हातावर पिशवी, पिशवीवर मोहोर. ठरल्या दिवशी ती सर्वांसमक्ष उघडायची. युरोपातही उकळत्या पाण्यातून बाहेर आलेला हात असाच बांधून तिसऱ्या दिवशी पाहत; १२१५ मध्ये चर्चने पाद्र्यांना त्यात भाग घ्यायला मनाई केली.

आपल्या जुन्या कागदांत दिव्यात उतरलेला ‘निर्दोष’ ठरत नाही, तो ‘खरा’ होतो. हरलेला ‘खोटा’. खऱ्याला जयपत्र मिळे, खोट्याला हार कबूल केल्याचं येजितखत लिहून द्यावं लागे. शिवाय खोट्याकडून सरकार ‘गुन्हेगारी’ घेई आणि खऱ्याकडून जिंकल्याच्या आनंदाची ‘हरकी’! हात भाजून घेऊन खरं ठरायचं आणि वर पैसेही भरायचे. देवाच्या कौलावर सरकारचा गल्ला दोन्ही बाजूंनी भरे.

गुन्हेगारी म्हणजे तेव्हा दंड. तो भरला की प्रकरण मिटे. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने आख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवायची वाट काढली आणि पुढे पारधीही त्या शिक्क्याखाली आले. दिव्यात निदान खरं ठरायची एक संधी होती. इथे तीही नव्हती. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण संशय गेला नाही.

‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण घरदार असलेल्यांची आहे. कोर्टात आरोप शाबीत करायचं ओझं फिर्यादी पक्षावर असतं. चोरीनंतर पालावरून उचलून नेलेल्याला मात्र त्या रात्री आपण कुठे होतो, हे आधी सांगावं लागतं.