ओखामंडळचे शिंपले आणि समुद्राचा हिशेब

बडोदे शहराला समुद्र नाही, पण बडोदे राज्याला होता. नवसारी प्रांतात बिलिमोरा, काठेवाडात कोडीनार आणि पार टोकाला द्वारका-बेटासह ओखामंडळ. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हा मुलूख गायकवाडांकडे आला. तिथल्या वाघेरांच्या बंडांबद्दल आपण ऐकलेलं असतं. तिथल्या पाण्याबद्दल फारसं नाही.

सयाजीराव महाराजांच्या सरकारने या पाण्याची पाहणी करायला जेम्स हॉर्नेल या प्राणिशास्त्रज्ञाला बोलावलं. सिलोनच्या मोत्यांच्या शिंपल्यांवर त्यांनी आधी काम केलं होतं. १९०५-०६ मध्ये त्यांनी ओखामंडळच्या किनाऱ्यावरून नमुने गोळा केले. ते वेगवेगळ्या तज्ज्ञांकडे गेले. स्पंजांचा अभ्यास आर्थर डेंडी यांनी केला, तर शंख नसलेल्या समुद्री गोगलगायींचा सर चार्ल्स इलियट यांनी. ओखामंडळच्या सागरी प्राण्यांवरचा हा अहवाल बडोदे सरकारसाठी दोन भागांत निघाला: पहिला १९०९ साली, दुसरा १९१६ साली.

या अहवालाकडे नुसती प्राण्यांची यादी म्हणून बघू नये. राज्याला रस होता तो उत्पन्नात. दोन वस्तू महत्त्वाच्या होत्या. एक, चपटा पातळ शिंपला, प्लाकुना. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी बसवलेले शिंपले याच जातीचे. यातली मोती बारीक, वेडीवाकडी. दागिन्यापेक्षा औषधाच्या खलात जास्त जायची. दुसरी वस्तू शंख. बेटाचं जुनं नाव शंखोद्धार, ते उगाच नाही. बंगालच्या बांगड्यांसाठी देशभरच्या किनाऱ्यांवरून शंख जात.

आता यातली खरी अडचण बघा. प्लाकुना अल्पायुषी, चिखलाच्या उथळ पाण्यात राहणारा. ओहोटीला हाताने वेचता येतो. अशा मालाचा मक्ता वर्ष-दोन वर्षांसाठी दिला, तर मक्तेदार लहान-मोठा सगळा शिंपला उचलणार, कारण पुढच्या वर्षी मक्ता दुसऱ्याचा. राज्याच्या तिजोरीत त्या वर्षी रक्कम चढते आणि शिंपल्यांची जागा ओस पडते. किती आहे, किती वर्षांत वाढतो, अंडी कधी घालतो, हे कळल्याशिवाय किती काढू द्यायचा हे ठरवताच येत नाही.

तूतिकोरीनच्या शंखांसाठी यावर साधा उपाय होता. ठरावीक व्यासाच्या कडीतून जो शंख आरपार जाईल, तो पुन्हा समुद्रात सोडायचा. आम्ही कारखान्यात अशाच गेजने सुटे भाग तपासायचो. फरक इतकाच की तिथे न बसलेला भाग भंगारात जातो, इथे लहान शंख वाढायला परत जातो. पण कडीचा व्यास किती हवा हे सांगायला शंखाचं आयुष्य माहीत असलेला माणूस लागतो.

असा माणूस बडोद्याने घडवला का? रंगारी, विणकर, यंत्रकाम करणारे तयार व्हावेत म्हणून राज्याने १८९० मध्ये कलाभवन काढलं. समुद्रासाठी मात्र माणूस बाहेरून आला. हॉर्नेल पुढे मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्यात गेले आणि तिथले संचालक झाले. बडोद्याला नंतर स्वतःचं मत्स्य खातं मिळालं, तेव्हाही त्याचे संचालक एस. टी. मोझेस यांची जडणघडण मद्रासमधली होती. दोष एकट्या बडोद्याचा नाही. त्या काळी या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण हिंदुस्थानातच नव्हतं.

ती सोय स्वातंत्र्यानंतर झाली. मुंबईत १९६१ मध्ये केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था निघाली आणि १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मंगळूरला १९६९ मध्ये देशातलं पहिलं मत्स्य महाविद्यालय, रत्नागिरीला १९८१ मध्ये आपल्या कोकणातलं. आज या क्षेत्रातला विद्यार्थी माशांच्या साठ्याचा अंदाज, कायदा, अर्थकारण आणि कोळ्यांचं जगणं एकत्र शिकतो. हे एकत्र का शिकायचं, ते ओखामंडळच दाखवतं. त्याच किनाऱ्यावर राज्याने १९२६ मध्ये ओखा बंदर उघडलं, १९३९ मध्ये मिठापूरला रसायनांचा कारखाना उभा राहिला आणि जवळच प्रवाळही होते. १९८२ मध्ये कच्छच्या आखातात सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. बंदर, मीठ, मासळी, प्रवाळ: पाणी तेच, मागणारे चार.

म्हणूनच १९०९ चा तो भाग आज कामाचा आहे. कारखाना येण्याच्या तीस वर्षं आधी या पाण्यात काय होतं, याचा तो लेखी पुरावा. पण यादीतून जाती कळतात, संख्या कळत नाही. ती मक्त्याच्या रकमांतून थोडीफार काढता येईल. ओखामंडळात वहिवाटदार, कारकून, फौजदार म्हणून गेलेल्या मराठी घरांतून जुने कागद अजून निघतात. त्यात शिंपल्यांच्या किंवा शंखांच्या मक्त्याची एखादी ओळ दिसली, तर मोडी लागत नाही म्हणून रद्दीत टाकू नका. मंडळाकडे आणा. ती महसुलाची नोंद असेलच, पण समुद्राचीही असेल.