साखळी करवतीच्या इंजिनातील फेरफार

पेट्रोलवर चालणाऱ्या हाती साखळी करवतीची शक्ती किंवा वेग वाढावा, या हेतूने तिचा सायलेन्सर, सिलिंडर व कार्ब्युरेटर यांच्या मूळ रचनेत केल्या जाणाऱ्या बदलांना साखळी करवतीच्या इंजिनातील फेरफार असे म्हणतात. बोलीभाषेत हे यंत्र चेनसॉ, कटर मशीन किंवा झाडतोडणी मशीन या नावांनी ओळखले जाते. या फेरफारांमुळे कापण्याचा वेग वाढू शकतो. मात्र इंधनाचे प्रमाण त्याबरोबर न बदलल्यास इंजिन अल्पावधीत निकामी होते.

पार्श्वभूमी

साखळीला दात बसवून कापण्याची कल्पना मुळात शस्त्रक्रियेतील आहे. जर्मन वैद्य बर्नहार्ड हाइने यांनी १८३० च्या सुमारास हाड कापण्यासाठी असे हाताने फिरवायचे उपकरण तयार केले. लाकूडतोडीसाठी आन्द्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी, तर एमिल लेर्प यांनी १९२७ मध्ये पेट्रोलवर चालणारी करवत बनवली. विदर्भातील गावांत आज हे यंत्र वाळलेली झाडे तोडणे, जळाऊ लाकूड कापणे, फळबागांची छाटणी आणि वादळात आडवी झालेली झाडे रस्त्यातून हटवणे यांसाठी वापरले जाते.

कार्यतत्त्व

या करवतीत बहुधा टू-स्ट्रोक इंजिन असते. पिस्टन खाली येताना आधी धूर बाहेर जाण्याचे द्वार उघडते आणि पाठोपाठ हवा, पेट्रोल व ऑइल यांचे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरते. इंजिनात ऑइलसाठी वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइलच सर्व फिरत्या भागांना वंगण पुरवते. ५० भागांस १ या प्रमाणात एक लिटर पेट्रोलमध्ये २० मिलिलिटर ऑइल घालतात. साखळीला वंगण देणारे ऑइल मात्र निराळ्या टाकीत असते.

सायलेन्सर आवाज कमी करतो, धुराला योग्य दिशा देतो आणि ठिणग्या अडवतो. ठिणग्यांसाठी त्यात बारीक जाळी बसवलेली असते. ही जाळी काजळीने बुजल्यास धूर कोंडतो व शक्ती घटते. अशा वेळी फेरफाराची आवश्यकता नसते. जाळी स्वच्छ केल्याने मूळ शक्ती परत मिळते.

फेरफारांचे प्रकार

सायलेन्सर मोकळा करणे: बाहेर जाणारे छिद्र मोठे करणे, दुसरे छिद्र पाडणे किंवा आतील पडदे काढणे. हा सर्वांत सोपा व म्हणूनच सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे.

द्वारे घासणे: सिलिंडरमधील द्वारे रुंद किंवा उंच केली जातात. कडा नीट गोलाकार न केल्यास पिस्टनची रिंग द्वारात अडकून तुटते.

दाब वाढवणे: सिलिंडरखालील गॅस्केट काढून किंवा पातळ करून ज्वलनकक्षातील जागा कमी केली जाते. अंतर गरजेपेक्षा कमी राहिल्यास पिस्टन सिलिंडरच्या माथ्यावर आदळतो.

कार्ब्युरेटरची जुळणी: वेगवान चालीसाठी ‘एच’ व मंद चालीसाठी ‘एल’ असे दोन स्क्रू असतात. वरील कोणत्याही बदलानंतर ही जुळणी आवश्यक ठरते.

मिश्रण पातळ होणे

सायलेन्सर मोकळा झाल्यावर इंजिनातून अधिक हवा खेळते, परंतु कार्ब्युरेटरची जुळणी जुनीच राहते. परिणामी हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते व मिश्रण पातळ होते. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. त्यातच ज्वलनाचे तापमान वाढते. अशा स्थितीत इंजिन काही काळ अधिक चपळ भासते आणि वापरणाऱ्याची फसगत होते. पुढे पिस्टनच्या धूर-द्वाराकडील बाजूस ओरखडे पडतात व पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो.

योग्य जुळणीत करवत भाराविना पूर्ण वेगाने फिरताना किंचित अडखळत वाजते व लाकडात शिरताच तिचा आवाज सलग होतो. काही यंत्रांत प्रज्वलन व्यवस्थाच वेग मर्यादित करते व तसाच अडखळता आवाज येतो. म्हणून केवळ कानावर विसंबून न राहता फेऱ्या मोजणारे टॅकोमीटर वापरणे आवश्यक असते. स्वयंचलित जुळणीच्या कार्ब्युरेटरमध्ये हे काम यंत्र स्वतः करते, पण तेही ठरावीक मर्यादेतच.

हवामान व इंधन

वाशिम जिल्ह्यातील रिठदसारख्या गावांत उन्हाळ्यातील तापमान ४० अंशांवर जाते, तर हिवाळ्यातील पहाट बरीच थंड असते. ४३ अंश तापमानाच्या हवेपेक्षा १० अंशांची हवा सुमारे १२ टक्के घन असते. त्यामुळे मे महिन्यात अचूक जुळवलेले मिश्रण डिसेंबरच्या सकाळी पातळ ठरते.

भारतात २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झाली. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू असल्याने त्याच्या पूर्ण ज्वलनास हवा कमी लागते. म्हणजेच जुन्या जुळणीवर मिश्रण आणखी पातळ होते. अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य केलेले असते. सायलेन्सर मोकळा, हवा थंड आणि इंधनात इथेनॉल अधिक, या तीन गोष्टी एकत्र आल्यास इंजिनाचा धोका वाढतो.

आरोग्य व आग

मूळ अवस्थेतही पेट्रोल करवतीचा आवाज चालकाच्या कानाशी १०० डेसिबलच्या पुढे जातो. ध्वनिऊर्जा दर ३ डेसिबलला दुप्पट होते, त्यामुळे वाढ थोडी दिसली तरी इजा मोठी असते. या आवाजाने आलेला बहिरेपणा कायमचा असतो. म्हणून कर्णरक्षक वापरणे अपरिहार्य आहे.

जाळी काढल्यास तप्त काजळीचे कण थेट बाहेर पडतात. विदर्भातील सागवनांत उन्हाळ्यात पानगळीचा थर साचतो आणि कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यासारखी गवताळ रानेही वाळलेली असतात. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा काळ मानला जातो.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनांतील अनधिकृत बदलांना मनाई करते. त्यान्वये दुचाकींच्या सायलेन्सरवर कारवाई होते. करवत हे वाहन नसल्याने ते कलम तिला लागू नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रातील आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. झाड तोडण्यासंबंधीचे निर्बंध महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ मध्ये आहेत.

पर्याय

कापण्याचा वेग प्रथम साखळीच्या धारेवर अवलंबून असतो. धारदार साखळीतून लाकडाच्या जाड ढलप्या पडतात, तर बोथट साखळीतून पिठासारखा भुसा. योग्य मापाच्या गोल कानशीने दात घासणे, दातांपुढील खोली-नियंत्रकाची उंची तपासणे, हवेची गाळणी धुणे आणि सायलेन्सरची जाळी साफ करणे या उपायांनी इंजिनाला हात न लावता मंदावलेल्या करवतीचा वेग पुन्हा मिळवता येतो.